समाजमंदिर असो वा नळपाणी योजना, किल्ली सर्वांत शेवटी द्यावी

ग्रामपंचायतीची एखादी इमारत किंवा सेवा गावातील मंडळाकडे, महिला ग्रामसंघाकडे किंवा मच्छीमार सोसायटीकडे चालवायला देताना कोकण किनारपट्टीवर कामाचा क्रम सर्रास उलटा होतो. आधी नारळ फोडून किल्ली दिली जाते, मग मासिक सभेत 'सर्वानुमते मंजूर' असा दोन ओळींचा ठराव लिहिला जातो, आणि जमीन कोणाची, वीजबिल कोणी भरायचे, कौले कोणी परतायची हे प्रश्न पहिल्या पावसानंतर निघतात. तोवर मंडळाने स्वतःचे पैसे घातलेले असतात, ग्रामपंचायतीने आपल्या नोंदवहीत काहीच बदललेले नसते आणि दोन्ही बाजूंकडे दाखवण्यासारखा कागद नसतो.

पुढील टप्पे सरपंच, सदस्य, ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) आणि घेणाऱ्या गटाचे पदाधिकारी या सर्वांसाठी आहेत. ते ग्रामपंचायत क्षेत्रापुरते आहेत. नगरपंचायतींना व नगरपरिषदांना १९६५ चा वेगळा अधिनियम लागू होतो, त्यामुळे तेथे मंजुरीची वाट निराळी आहे.

टप्पा १ : नेमके काय द्यायचे ते ठरवा

'हस्तांतरण' हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि बहुतेक भांडणांचे मूळ तेथेच असते. मालकी देणे म्हणजे मिळकत कायमची सोडणे. भाडेपट्टा देणे म्हणजे ठरावीक मुदतीसाठी मिळकतीत हक्क निर्माण करणे; हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ खाली येते. वापर-परवाना म्हणजे केवळ वापराची परवानगी. तिने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. आणि व्यवस्थापन सोपवणे म्हणजे इमारत किंवा योजना ग्रामपंचायतीच्याच ताब्यात ठेवून रोजचे काम गटाकडून करून घेणे.

मालकीची मागणी करणाऱ्या गटाला बहुतेक वेळा प्रत्यक्षात हवी असते ती खात्री: आपण शेगडी, भांडी, खुर्च्या घेतल्या आणि पुढच्या निवडणुकीनंतर नव्या सदस्यांनी बाहेर काढले तर काय, ही भीती. ती भीती मुदत, नोटीस आणि भरपाईच्या कलमांनी दूर होते. त्यासाठी गावाची मिळकत कोणाच्या नावे करण्याची गरज नाही. म्हणून पहिल्या खेपेस व्यवस्थापन किंवा वापर-परवाना यापुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेवांच्या बाबतीत आणखी एक भेद पाळावा लागतो. पिण्याचे पाणी, दिवाबत्ती, स्वच्छता ही ग्रामपंचायतीची कायद्याने आलेली कर्तव्ये आहेत. त्यांचे काम दुसऱ्याकडून करून घेता येते, जबाबदारी मात्र देऊन टाकता येत नाही. नळाला गढूळ पाणी आले आणि वाडीत कावीळ पसरली, तर 'योजना गटाकडे दिली होती' हे उत्तर चालणार नाही. किनाऱ्यावरील वाहनतळाचे किंवा स्वच्छतागृहाचे शुल्क गटाने जमा करायचे असेल तर तेही ग्रामपंचायतीने ठरवलेल्या दराने आणि ग्रामपंचायतीच्याच पावतीवर. गटाने स्वतःचे पावतीपुस्तक छापणे ही लेखापरीक्षणात हमखास निघणारी चूक आहे.

*तपासून घ्या:* काय द्यायचे ते 'अमुक इमारतीचा वापर, अमुक कामासाठी, अमुक मुदतीसाठी' अशा एका वाक्यात लिहिता येते का? येत नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा २ : जमिनीचे आणि इमारतीचे कागद जुळवा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेची नोंद नमुना २२ या नोंदवहीत आणि जमिनीची नोंद नमुना २४ मध्ये असते. इमारत नमुना २२ मध्ये दिसली की आपली झाली, असे समजून बहुतेक ठिकाणी तपास थांबतो. पण नमुना २२ ही ग्रामपंचायतीने स्वतःच ठेवलेली वही आहे; जमिनीवरील हक्क ती सिद्ध करत नाही. त्यासाठी सातबारा किंवा, गावठाणातील जागा असेल तर, मिळकत पत्रिका पाहावी लागते.

कोकणात येथेच गाठ बसते. वाड्या गावठाणाबाहेर, डोंगरउतारावर आणि खाडीकाठी विखुरलेल्या असल्यामुळे समाजमंदिर, अंगणवाडी किंवा पाण्याची टाकी बहुधा कोणाच्या तरी वरकस (हलक्या, डोंगरउताराच्या) जमिनीत उभी असते. समजा, खाडीकाठच्या एका वाडीत तीस वर्षांपूर्वी बांधलेले जांभ्याचे समाजमंदिर आहे. जागा एका कुटुंबातील वडीलधाऱ्याने तोंडी दिली होती. सातबारा काढला तर त्यावर आज त्यांच्या मुलामुलींची व नातवंडांची मिळून वीसेक नावे सामायिक आहेत, त्यांतील निम्मी माणसे मुंबई-ठाण्यात आहेत, आणि 'इतर हक्क' या रकान्यात समाजमंदिराचा उल्लेखच नाही. नमुना २२ मध्ये मात्र इमारत, तिचे क्षेत्रफळ आणि बांधकामाचा खर्च व्यवस्थित लिहिलेला आहे. अशा वेळी ग्रामपंचायत भिंती आणि छप्पर चालवायला देऊ शकेल, पण खालची जमीन तिची नाही, आणि गटाने नवीन स्वयंपाकघर बांधायला घेतले की एखादा हिस्सेदार तहसील कार्यालयात अर्ज घेऊन उभा राहणार.

स्थावर मिळकतीचे बक्षीस नोंदणीकृत दस्तानेच पूर्ण होते. साध्या मुद्रांकावर लिहिलेले संमतीपत्र, त्यावर पाच पंचांच्या सह्या असल्या तरी, मालकी देत नाही. सर्व हिस्सेदारांची नावे घेऊन नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे आणि मग फेरफार नोंदवून घ्यावा. हिस्सेदार गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येतात. दुय्यम निबंधक कार्यालयातील सह्यांचे काम त्याच दिवसांत बसवावे, एरवी वर्ष निघून जाते.

जमीन देवस्थानाची असेल तर ते देवस्थान कोणाच्या व्यवस्थापनाखाली आहे ते पाहावे. मानकऱ्यांनी किंवा गावकरांनी बैठकीत 'हो' म्हटले, एवढ्यावर देवस्थानाच्या जमिनीवरील कोणताही करार टिकत नाही.

यानंतर इमारत मुळात ग्रामपंचायतीची आहे का, हे पाहावे. बंद पडलेली प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची असते. पट कमी होऊन शाळा बंद झाली म्हणून ती आपोआप ग्रामपंचायतीकडे येत नाही. जेटी महाराष्ट्र सागरी मंडळाची किंवा मत्स्यव्यवसाय विभागाची असू शकते. कांदळवनाचा पट्टा वन विभागाच्या अखत्यारीत असू शकतो. आमदार-खासदार निधीतून, समाजकल्याणच्या वस्ती सुधारणेतून किंवा एखाद्या केंद्रीय योजनेतून झालेल्या बांधकामाला त्या निधीच्या अटी चिकटलेल्या असतात. प्रशासकीय मान्यतेचा आदेश काढून वाचल्याशिवाय त्या कळत नाहीत. विशेषतः दलित वस्तीसाठी झालेले समाजमंदिर दुसऱ्याच वाडीच्या मंडळाच्या हाती देणे हा अटीचा भंग आहेच, शिवाय त्या वस्तीवर अन्यायही आहे.

शेवटी सीआरझेड. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा आणि खाडीकाठ किनारा नियमन क्षेत्रात येतो. २०११ ची अधिसूचना आणि तिच्यानंतर आलेली २०१९ ची अधिसूचना यांत ना-विकास क्षेत्राची अंतरे वेगवेगळी आहेत, त्यामुळे 'मागे एकाला परवानगी मिळाली होती' हा आधार धरू नये. आहे ती इमारत आहे तशी वापरणे वेगळे आणि तिला पडवी काढणे, मजला चढवणे किंवा तिचे पर्यटक निवासात रूपांतर करणे वेगळे. किनारा व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा पाहून इमारत कोठे पडते ते लेखी नोंदवून ठेवावे.

*सावधान:* जमिनीबाबत दावा चालू असेल तर किल्ली देणे थांबवावे. दुरुस्ती ग्रामपंचायतीने स्वतः करावी. वादाची मिळकत गटाच्या गळ्यात मारू नये.

टप्पा ३ : घेणारा गट कोण, हे कागदावर आणि गावात दोन्हीकडे पाहा

करार करण्यासाठी कायद्याने अस्तित्वात असलेली संस्था लागते. दहा-बारा बायकांचा बचत गट बँकेत खाते उघडू शकतो, कर्ज घेऊ शकतो, पण नोंदणी नसलेला गट स्वतःच्या नावाने मिळकतीचा करार करू लागला तर उद्या जबाबदार कोण, हे ठरत नाही. अशा वेळी नोंदणीकृत संस्था, सहकारी संस्था किंवा नोंदणी झालेला महिला संघ यांच्या नावाने करार करावा आणि प्रत्यक्ष काम बचत गटाकडे असल्याचे त्यात लिहावे. आपल्या भागात उमेदचे (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे) ग्रामसंघ आहेत, माविमची (महिला आर्थिक विकास महामंडळाची) लोकसंचालित साधन केंद्रे आहेत. मात्र त्यांची नोंदणी झाली आहे का, हे प्रमाणपत्र पाहूनच ठरवावे.

ग्रामविकास मंडळ असेल तर ते संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदलेले असते. तीन कागद मागावेत: नोंदणी प्रमाणपत्र, लेखापरीक्षण अहवाल आणि धर्मादाय कार्यालयातील सध्याच्या कार्यकारिणीची नोंद. तिसरा कागद निर्णायक आहे. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, आणि अनेक मंडळांच्या नोंदीत वीस वर्षांपूर्वीचे, काही तर हयात नसलेले पदाधिकारी अजून आहेत. अशा मंडळाच्या आजच्या अध्यक्षाने केलेली सही आव्हानाला टिकत नाही.

गावातली तपासणी याहून अवघड. मंडळ मुंबईत नोंदलेले, पैसाही तिकडचा, आणि गावातील शाखेत दोन निवृत्त गृहस्थ, अशी रचना आपल्याकडे फार आहे. चाकरमान्यांच्या वर्गणीवर इमारत उभी राहते हे खरे, पण जुलैच्या मध्यरात्री पंप बंद पडला की दादरहून कोणी येत नाही. म्हणून पदाधिकाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक बारमाही गावात राहणारे असावेत ही अट घालावी, आणि रोज किल्ली कोणाकडे राहील त्या व्यक्तीचे नाव व घर विचारावे. गावात दोन मंडळे असतील तर दोघांनाही लेखी विचारावे. एकाच वाडीच्या मंडळाकडे सबंध गावाची इमारत जात असेल तर बाकीच्या वाड्यांतील किमान दोन माणसे व्यवस्थापन समितीवर असावीत.

*सावधान:* ग्रामपंचायतीशी झालेल्या करारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला सदस्य महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ नुसार अपात्र ठरू शकतो. सरपंच किंवा सदस्यच घेणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार असणे हे गावात नेहमीचे आहे. ठरावाच्या आधी त्यांनी दोहोंपैकी एक पद सोडावे किंवा किमान कायदेशीर सल्ला लेखी घ्यावा; ठरावाच्या दिवशी सभेबाहेर जाऊन बसणे पुरेसे नाही.

टप्पा ४ : इमारत पावसात पाहा आणि खर्च मांडा

मे महिन्यात पाहिलेली इमारत आणि जुलैत पाहिलेली इमारत एक नसते. शक्य असेल तर पाहणी दोनदा करावी. पावसात पाहताना वळचणीखालची भिंत हाताने चाचपावी, जांभ्याचा दगड कोठे पाणी पितो ते पाहावे, कोनवाशाच्या रेषेत कौले सरकली आहेत का ते पाहावे. स्लॅब असेल तर खालच्या बाजूला गंजाचे तांबूस डाग आणि सुटलेले प्लास्टर शोधावे. खाऱ्या हवेत सळई आतून फुगते आणि वरून रंग चांगला दिसतो. असे डाग असतील तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाकडून लेखी तपासणी करून घ्यावी आणि दुरुस्ती आधी, सोपवणे नंतर, हा क्रम सोडू नये.

खर्चाचे दोन रकाने करावेत. पहिल्यात दरवर्षी होणारा खर्च: वीजबिल, छपराची शाकारणी, झाडलोट, पाण्याची टाकी धुणे, विमा, लेखापरीक्षण. दुसऱ्यात काही वर्षांनी येणारा मोठा खर्च: वासे बदलणे, वायरिंग, पंप, शौचालयाची टाकी. गट पहिला रकाना भागवू शकतो. दुसरा त्याच्यावर टाकला तर तो मोडतो. उत्पन्नाचा अंदाज करताना मेमधील लग्ने, गणपती आणि शिमगा धरून सबंध वर्षाची सरासरी काढू नये, कारण गणपतीचे दिवस सोडले तर जून ते नोव्हेंबर समाजमंदिर जवळजवळ रिकामे असते आणि वीजबिलाचा स्थिर आकार मात्र दरमहा येतो.

महावितरणची जुनी थकबाकी वेगळी काढावी. वापर बदलल्यावर वीजदराचा वर्गही बदलू शकतो: सार्वजनिक सेवेच्या मीटरवर खाणावळ किंवा पापड उद्योग चालवला तर तो अनधिकृत वापर ठरून दंडाचे बिल येते. ते टाळण्यासाठी वर्गबदलाचा अर्ज ताबा देण्याआधीच करावा.

टप्पा ५ : सभा कोणत्या क्रमाने घ्यायच्या

मासिक सभेने प्रस्ताव ठेवावा, महिला सभेत त्यावर चर्चा व्हावी, ग्रामसभेने निर्णय द्यावा. ग्रामसभेची नोटीस किमान सात दिवस आधी आणि विषयपत्रिकेवर इमारतीचे व गटाचे नाव स्पष्ट लिहून काढावी. 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' या सदरात मिळकतीचा विषय घेणे ही या प्रक्रियेतील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ठराव रद्द करून मागणाऱ्याला एवढा एक मुद्दा पुरतो.

गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तीत नवा विषय घेता येत नाही. हजेरीवहीवर सह्या सभेतच घ्याव्यात, दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून नव्हे. चाकरमानी सभेला बसू शकतात, सूचना करू शकतात, परंतु ज्यांचे नाव गावच्या मतदार यादीत नाही त्यांची गणना गणपूर्तीत किंवा मतात होत नाही.

ठरावाचा मजकूर साधारण असा असावा: 'मौजे अमुक येथील नमुना २२ मधील अनुक्रमांक अमुक वरील समाजमंदिर इमारतीचे व्यवस्थापन, मालकी ग्रामपंचायतीकडे कायम ठेवून, नोंदणी क्रमांक अमुक असलेल्या अमुक संस्थेकडे, अमुक दिनांकापासून तीन वर्षांसाठी, सोबत जोडलेल्या मसुदा करारातील अटींवर, सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीच्या अधीन राहून सोपवण्यास ही ग्रामसभा मान्यता देत आहे.' करार अजून लिहिलेलाच नसेल तर 'सोबत जोडलेल्या' हे शब्द लिहिता येणार नाहीत. म्हणून मसुदा सभेच्या आधी तयार असावा आणि सभेत वाचून दाखवावा. त्याला अर्धा तास लागतो, लोक कुरकुरतात, तरीही वाचावा.

टप्पा ६ : मंजुरी

ग्रामपंचायतीच्या स्थावर मिळकतीचा भाडेपट्टा, विक्री किंवा अन्य हस्तांतरण यांसाठी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यांमार्फत जातो. निव्वळ व्यवस्थापन सोपवत असलात तरी प्रस्तावाची प्रत पंचायत समितीत आवक क्रमांकासह दाखल करून ठेवावी, म्हणजे पुढे 'हा नावापुरता परवाना, खरे तर भाडेपट्टाच आहे' असा आक्षेप निघाला तर हेतू नोंदीवर असतो. कराराच्या वर काय शीर्षक लिहिले आहे यावरून तो भाडेपट्टा की परवाना हे ठरत नाही. एकट्या गटाला पूर्ण ताबा दिला आहे का, यालाही महत्त्व असते.

प्रस्ताव जाण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येक वाडीत नोटीस लावून इतर गटांनाही अर्ज करू द्यावा. निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना करार आणि ताबा दोन्ही टाळावेत.

टप्पा ७ : करारनामा

एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो. नोंदणी चुकवण्यासाठी अकरा महिन्यांचे करार वर्षानुवर्षे नूतनीकरण करत राहणे ही शहरातली सवय गावात आणू नये. मधल्या एखाद्या वर्षी नूतनीकरण राहून जाते आणि गट कागदाविना बसलेला असतो. व्यवस्थापन करारही दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला बरा.

दुरुस्तीचे कलम सर्वांत काळजीपूर्वक लिहावे. 'किरकोळ दुरुस्ती गटाने, मोठी दुरुस्ती ग्रामपंचायतीने' एवढे लिहून भागत नाही, कारण शंभर कौले बदलणे किरकोळ की मोठे यावर दोन्ही बाजू प्रामाणिकपणे भांडतात. रकमेची मर्यादा लिहावी: एका वेळच्या अमुक रुपयांपर्यंतच्या दुरुस्त्या गट करील, त्यावरील ग्रामपंचायत करील, आणि ग्रामपंचायतीने लेखी कळवल्यापासून अमुक दिवसांत केली नाही तर गट ती करून खर्च देय रकमेतून वळता करील.

छपराच्या कामाची तारीखही कलमातच असावी. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि तौक्ते २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर रत्नागिरी-सिंधुदुर्ग झोडपून गेले. म्हणजे दोन्ही वादळे नेमकी त्या दिवसांत आली जेव्हा आपल्याकडे कौले काढून वासे उघडे ठेवलेले असतात. छपराची कामे एप्रिलअखेर संपवावीत असे लिहावे. त्याला जोडून आपत्तीचे कलम: तहसीलदार किंवा ग्रामपंचायतीने सांगितल्याबरोबर इमारत निवाऱ्यासाठी कोणत्याही भाड्याविना, आधीचे आरक्षण रद्द करून, मोकळी करून द्यावी लागेल, किल्लीचा दुसरा जोड ग्रामपंचायत कार्यालयात राहील, निवाऱ्याच्या काळात झालेले नुकसान ग्रामपंचायत भरून देईल. हे शेवटचे वाक्य नसेल तर गट किल्ली द्यायला कां कू करतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

बाकीच्या कलमांत वापराचे दर (गावातील गरिबाच्या बाराव्या-तेराव्याला काय घ्यायचे, हे आधीच ठरवावे), जात, वाडी किंवा पक्ष पाहून वापर नाकारता येणार नाही ही अट, पोटभाड्याला मनाई, हिशेब ग्रामसभेपुढे ठेवण्याची तारीख, विमा कोणाच्या नावे, आणि मुदतीआधी करार संपवायचा तर दोन्ही बाजूंनी किती दिवसांची नोटीस, हे यावे. गटाने स्वतःच्या पैशाने आणलेल्या वस्तूंची यादी वेगळी जोडावी. काढून नेता येणाऱ्या वस्तू त्याच्या, भिंतीत बसवलेल्या ग्रामपंचायतीच्या, असे स्पष्ट लिहिले नाही तर जाताना पंखे आणि मोटार यांवरून पोलीस ठाणे गाठावे लागते.

टप्पा ८ : नळपाणी योजना सोपवताना वेगळे काय

पाणीपुरवठ्यात ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वगळून थेट एखाद्या गटाशी करार करू नये. समिती देखरेख करील आणि गट रोजचे काम करील: पंप चालवणे, व्हॉल्व्ह सोडणे, टीसीएल (निर्जंतुकीकरणाची क्लोरीन पावडर) टाकणे, पाणीपट्टीची वसुली.

सोपवण्यापूर्वी योजनेचा नकाशा करून घ्यावा. बहुतेक गावांत कोणता व्हॉल्व्ह कोणत्या वाडीचा आणि जुनी जलवाहिनी कोणाच्या बागेतून गेली आहे, हे फक्त पाणी सोडणाऱ्या एका माणसाला ठाऊक असते. त्याला बरोबर घेऊन उद्भवापासून (पाण्याच्या स्रोतापासून) शेवटच्या नळापर्यंत चालत जावे, प्रत्येक व्हॉल्व्हवर क्रमांक रंगवावा आणि नकाशाची एक प्रत कार्यालयात ठेवावी. तो माणूस ग्रामपंचायतीचा कर्मचारी असेल तर त्याचे वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि सेवा गटाकडे 'वर्ग' करता येत नाही. तो ग्रामपंचायतीकडेच राहून गटासोबत काम करील असे लिहावे. हा प्रश्न हसण्यावारी नेलेल्या योजना पहिल्याच महिन्यात बंद पडतात, कारण व्हॉल्व्हची चावी त्याच्याकडे असते.

पाण्याच्या दर्जाची जबाबदारी नावानिशी द्यावी. जलसुरक्षकाने रोज ओटी चाचणी (पाण्यातील क्लोरीन तपासणारी) करून वहीत लिहावे. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन मिळाले पाहिजे. टाकीजवळच्या नळाला चाचणी घेऊन समाधान मानणे ही सार्वत्रिक चूक आहे. स्वच्छता सर्वेक्षणात योजनेला लाल किंवा पिवळे कार्ड मिळालेले असेल तर कारणे दूर करूनच योजना सोपवावी. खाडीजवळच्या विहिरीवरील योजना असेल तर एप्रिल-मेमध्ये क्षारांची वेगळी तपासणी करावी, कारण उपसा वाढला की खारे पाणी आत येते आणि मग दोष गटाच्या माथी येतो.

*तपासून घ्या:* मागील बारा महिन्यांची वीजबिले, पाणीपट्टीची मागणी आणि प्रत्यक्ष वसुली हे तीन आकडे शेजारी मांडा. वसुलीतून बिलही भागत नसेल तर दर वाढवण्याचा ठराव आधी ग्रामपंचायतीने करावा. अप्रिय निर्णय गटाकडून करवून घेण्यासाठी योजना सोपवणे हा आडमार्ग झाला.

टप्पा ९ : संयुक्त पाहणी आणि ताबा

ताबा दिवाळीनंतर, होळीच्या आत द्यावा. गटाला उन्हाळ्यातील समारंभ आणि छपराचे काम हाताखालून घालवता येते आणि पावसाला तो तयार असतो. जूनमध्ये ताबा देऊ नये. पहिल्या आठवड्यात झालेली गळती कोणाच्या काळातली हे कोणालाच सांगता येत नाही.

त्या दिवशी ग्रामसेवक, दोन सदस्य, गटाचे दोन पदाधिकारी आणि दोन्हींशी संबंध नसलेले दोन ग्रामस्थ यांनी मिळून खोलीनिहाय पंचनामा करावा. वीजमीटरचे वाचन, तडे, फुटकी कौले, पंख्यांची संख्या लिहावी; खुर्च्या-भांडी नमुना १६ मधील नोंदीशी ताडावीत. दिनांक दिसतील अशी छायाचित्रे काढून त्यांच्या छापील प्रतींवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. नमुना २२ च्या शेरा रकान्यात कराराचा क्रमांक आणि मुदत लिहावी. एवढे झाल्यावर किल्ली द्यावी.

टप्पा १० : पहिले वर्ष आणि परत घेणे

पहिल्या पावसात दर महिन्याला एकदा, नंतर तिमाहीला एकदा पाहणी करावी आणि ती लिहून ठेवावी. गटाचा हिशेब वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे वाचला जावा. ग्रामपंचायतीकडील संबंधित कागद माहिती अधिकारात मागता येतात, त्यामुळे कराराची आणि हिशेबाची एक प्रत कार्यालयात हवीच.

गट मोडकळीला आला, बैठका थांबल्या, किल्ली एकाच घरात अडकली, तर वाट पाहत बसू नये. प्रथम लेखी खुलासा मागवावा, मग करारातील नोटीस द्यावी, मग ग्रामसभेचा ठराव घ्यावा, आणि ताबा देताना केलेला पंचनामा हातात घेऊन त्याच क्रमाने खोलीनिहाय ताबा परत घ्यावा. कुलूप तोडून शिरू नये, सरपंचांनी तर मुळीच नाही. गट ताबा सोडत नसेल तर गटविकास अधिकाऱ्यांना कळवून, वकिलाच्या सल्ल्याने दिवाणी मार्गाने जावे. परत घेतल्याच्या दिवशी वीजमीटरचे वाचन पुन्हा लिहावे, ठेव असेल तर नुकसान वजा करून ती करारातील मुदतीत धनादेशाने परत करावी, आणि नमुना २२ मधील शेरा त्याच दिवशी बदलावा.